‘तशीच आहे’ : एका दाव्याची उलटतपासणी

घोलवडच्या ज्या चिकूवाडीत माझे वडील मेहताजी होते, तिथले शेठ रोज संध्याकाळी ओट्यावरच्या आरामखुर्चीत बसून एक सिगार ओढत. एकच. हा १९७०च्या दशकातला काळ. परदेशी चैनीच्या वस्तूंवर आयातीचे कडक निर्बंध होते. मुंबईहून कुणाच्या तरी हस्ते वर्षाकाठी हवाना सिगारची एखादी पेटी आली तर आली. ती संपली की शेठ त्रिचीचे चिरूट मागवत. पहिला झुरका घेऊन डोळे मिटत आणि म्हणत, “मेहताजी, एना जेवीज छे.” तशीच आहे. वडील मान डोलवत. वडिलांनी हवाना कधी ओढली नव्हती, त्रिचीचा चिरूटही नाही. ते आपट्याच्या पानात वळलेली बिडी ओढत.

हे ‘जेवीज छे’ मी इतक्यांदा ऐकलं की पुढे मलाही ते खरं वाटू लागलं. बारा वर्षांपूर्वी एका स्थानिक साप्ताहिकात मी ‘गरिबांची हवाना’ या नावाचा लेख लिहिला. त्रिचीचा चिरूट चवीला क्यूबन सिगारच्या अगदी जवळ जातो, असं त्यात ठासून म्हटलं होतं. साक्षीदार तीन : चर्चिल, शेरलॉक होम्स आणि आमचे शेठ. लेख गाजला. डहाणूत लेख गाजला म्हणजे स्टेशनबाहेरच्या टपरीवर चार माणसांनी त्याबद्दल विचारलं, एवढंच. तरीही तो लेख मी नंतर पुन्हा वाचला तेव्हा लाज वाटली. पुढचं सगळं लिखाण म्हणजे त्या लेखाची मीच घेतलेली उलटतपासणी आहे.

आधी एक कबुली. मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. जे वाचलं ते पोस्टातली नोकरी सांभाळून वाचलं. धूम्रपान सोडून मला वीस वर्षं झाली, त्यामुळे माझी जीभ मी साक्षीला काढत नाही. वडील १९९४ साली फुफ्फुसांच्या दुखण्याने गेले. सिगार बिडीपेक्षा सौम्य असते, धूर गिळायचा नसल्याने बाधत नाही, असं जे म्हटलं जातं त्यात तथ्य नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग सिगारलाही चुकलेला नाही. हा लेख कुणी खरेदीचा सल्ला म्हणून वाचू नये.

आता साक्षीदार. होम्सला मी का बोलावलं होतं, हे मला आज कळत नाही. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये तो खोलीतली राख पाहून खुनी माणूस त्रिचिनापल्लीचा चिरूट ओढत होता हे ओळखतो. ती राख काळपट आणि पापुद्र्यांची असते, म्हणून. म्हणजे होम्सची साक्ष नेमकी माझ्या विरुद्ध जाते. त्या काळच्या लंडनमध्ये त्रिचीचा माल सर्रास मिळत होता आणि तो राखेवरूनही वेगळा ओळखू येतो, अशी कल्पना वाचकाला पटत होती. जो राखेत लपत नाही तो चवीत लपेल?

चर्चिलची गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगतात. तो त्रिचीचे चिरूट मागवत असे आणि मद्रासच्या स्पेन्सर कंपनीचा माल त्याला आवडे, वगैरे. पण हाच माणूस १८९५ साली, एकविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, क्यूबात होता आणि तिथून हवानाची आवड घेऊन परतला. ‘चर्चिल’ हे सिगारच्या एका लांबरुंद आकाराचं नाव झालं, ते हवानाच्या सिगारचं. दोन्ही ओढणाऱ्या माणसाने दोन्ही सारख्या आहेत असं म्हटल्याचा पुरावा मी दिलाच नव्हता. आंबा आणि फणस दोन्ही खाणारा माणूस आंबा फणसासारखा लागतो असं म्हणत नसतो.

राहिले शेठ. त्यांच्याकडे शेवटी येतो.

त्रिचीच्या चिरुटाला स्वतःची मोठी वंशावळ आहे आणि ती मी त्या लेखात पार गाडून टाकली होती, ही माझी खरी चूक. चिरूट हा शब्दच तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला, सुरुट्टु म्हणजे गुंडाळलेलं. पोर्तुगीजांनी त्याचा ‘शारूतु’ केला, इंग्रजांनी ‘शेरूट’, आणि आपण परत ‘चिरूट’. त्रिचीजवळचं उरैयूर आणि दिंडीगल ही त्याची गावं. तंबाखू तिथल्या विहिरींच्या पाण्यावरचा, शिवाय गोदावरीच्या पात्रातल्या बेटांवर, म्हणजे तिकडे ‘लंका’ म्हणतात त्या जमिनीवर, पिकणारा ‘लंका’ तंबाखूही चिरुटांत जाई. दिंडीगलजवळ वेदसंदूरला सिगार आणि खायच्या तंबाखूचं सरकारी संशोधन केंद्र उभं राहिलं, आणि सिगारवर गुंडाळायच्या पानासाठी पार बंगालच्या उत्तर टोकाला दिनहाट्याला दुसरं. एवढा उद्योग, एवढी माणसं, आणि मी त्याला नाव दिलं ‘गरिबांची हवाना’. कुणी आपल्या घोलवडच्या चिकूला ‘गरिबांचं सफरचंद’ म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल?

पण समजा, कुणाला खरोखरच क्यूबन चवीच्या जवळ जायचं आहे. तर तो काय शोधतो आहे? इथे प्रश्न रंगतदार होतो, कारण जगातली निम्मी सिगारविक्री गेली साठ वर्षं याच शोधावर चालली आहे.

क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाखो नावाचा पट्टा आहे. तांबूस, रेताड, निचऱ्याची जमीन. सिगारचे तीन भाग असतात : बाहेरचं गुंडाळीचं पान, आतलं बांधणीचं पान आणि पोटातला भरणा. तिन्ही भागांना लागेल तसं पान एकाच मुलखात पिकवणारे देश थोडे, आणि क्यूबा त्यांत पहिला. गुंडाळीचं पान पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे उन्हाने ते जाड होत नाही. भरण्यासाठी झाडाच्या खालच्या, मधल्या आणि शेंड्याच्या पानांचा मेळ घालतात. शेंड्याला ऊन जास्त, म्हणून पान तिखट. तळाचं पान चवीला फिकं, पण नीट जळणारं. मग ढीग रचून आंबवणं. ढिगाच्या पोटात उष्णता चढते, अमोनिया बाहेर पडतो, कडवटपणा मरतो. आपल्याकडे गवताची गंजी ओली राहिली की आतून तापते, हात घातला तर चटका बसतो; तीच क्रिया, फक्त राखण करून केलेली.

१९६० साली क्रांतिकारी सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. फेब्रुवारी १९६२मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी लादली. सही करण्याआधी केनेडीने आपल्या प्रसिद्धिसचिवाला हजारेक क्यूबन सिगार गोळा करायला पाठवलं, हा किस्सा त्या सचिवानेच, पिएर सॅलिंजरने, सांगितला आहे. कारखान्यांचे मालक देशोधडीला लागले. ‘मोंतेक्रिस्तो’ बनवणारे मेनेंदेस आणि गार्सिया कॅनरी बेटांवर गेले आणि तिथे त्यांनी सिगार काढली, नाव ‘मोंतेक्रूस’. नाव जवळचं, पेटीची सजावटही जवळची. कुणी डोमिनिकन प्रजासत्ताकात गेलं, कुणी होंडुरासच्या हामास्त्रान खोऱ्यात, कुणी निकाराग्वात एस्तेली आणि हालापाला. जाताना त्यांच्याबरोबर हातातली कला गेली आणि क्यूबन वाणाचं बीही तिकडे पोचलं. तेव्हापासून दुकानदाराचं वाक्य ठरलेलं आहे : बी क्यूबन, हात क्यूबन, चव तशीच.

हा दावा तपासायचा तर त्याचे तुकडे करावे लागतात. बी, हात आणि जमीन.

हाताची परीक्षा इतिहासाने आधीच घेऊन ठेवली आहे. व्यापारबंदीच्या कितीतरी आधी, १८८०च्या दशकापासून, फ्लोरिडातल्या टँपा गावी क्यूबन कारागीर क्यूबाहून आलेल्या पानाच्या सिगारी वळत. त्यांना ‘क्लिअर हवाना’ म्हणत, म्हणजे निखळ हवाना. पान तेच, हात तेच, गाव फक्त दुसरं. आणि ओढणाऱ्यांनी त्या मालाला हवाना म्हणून मान दिला. (या कारखान्यांत कामगारांना कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं मोठ्याने वाचून दाखवणारा पगारी वाचक असे. ही प्रथा हवानात १८६५ साली सुरू झाली. ‘मोंतेक्रिस्तो’ हे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून आलं. आपल्या विडी कारखान्यांत असं काही असतं तर मराठी कादंबरीचा खप कुठे गेला असता!) पुढे बंदी आली, पानाचा साठा संपला, आणि हात तेच असूनही टँपाची सिगार पुन्हा ‘निखळ हवाना’ झाली नाही. तेव्हा नुसत्या हाताने भागत नाही, हे पक्कं.

बियाची परीक्षा आणखी मजेची आहे, कारण तिच्यात खुद्द क्यूबाच नापास होते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून क्यूबन गुंडाळीचं प्रसिद्ध पान म्हणजे ‘कोरोहो’. सान लुईसजवळच्या ज्या शेतावर ते निवडलं गेलं, त्या शेताचंच नाव त्याला मिळालं. पण ते रोगाला फार लवकर बळी पडे. १९७९-८०च्या हंगामात ब्लू मोल्ड नावाच्या रोगाने क्यूबाचं जवळजवळ सगळं पीक बसलं. १९९०च्या दशकात क्यूबाने कोरोहो सोडून ‘हबाना २०००’सारखे रोगाला टिकणारे संकरित वाण घेतले, मग ‘क्रिओयो ९८’ आणि ‘कोरोहो ९९’ आले. म्हणजे १९५८ सालची हवाना सिगार ज्या पानात गुंडाळलेली होती, ते पान आज हवानात नाही. उलट जुन्या कोरोहोचा वारसा सांगणारं पान होंडुरासमध्ये लावतात. मग ‘क्यूबन चव’ म्हणजे कुठली? केनेडीने साठवली ती, आज हवानाच्या दुकानात मिळते ती, की होंडुरासची? सप्टेंबर २०२२मध्ये इयन वादळाने पिनार देल रिओतली पानं वाळवायची हजारो कोठारं झोपवली. त्यानंतरच्या पानाची चव कुठल्या खात्यात मांडायची?

इथे कुणी म्हणेल, सोपं आहे, डोळे बांधून चाखायला द्या. मीही तसंच म्हणत होतो. पण ही परीक्षा दिसते तितकी निर्दोष नाही. २००१ साली बोर्दोमध्ये फ्रेदेरिक ब्रोशे याने वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळा जिभेला पढवतो. डोळा बांधला तर मग जीभ कान शोधते, नाव शोधते.

धूर सोडल्यामुळे मी ही परीक्षा चिकूवर करून पाहिली. शास्त्र म्हणून नव्हे, खोडी म्हणून. नवसारीकडून एक करंडी चिकू आणले, घोलवडची एक करंडी घेतली, दोन्ही कालीपत्ती, आणि बोर्डीच्या एका ओसरीवर चार जुन्या बागायतदारांसमोर फोडी करून मांडले. मला वाटलं होतं, ते क्षणात ओळखतील. त्यांनी चाखलं आणि वाद सुरू झाला तो भलताच : हा आणखी एक दिवस राहायला हवा होता, हा झाडावरून लवकर उतरवला, याला भट्टी चुकलीय. गाव कुणी सांगेचना. शेवटी एक काका वैतागून म्हणाले, “अरे बाबा, पिकायच्या आधी विचारलं असतंस तर सालीवरून सांगितलं असतं!” त्या दिवशी मला कळलं की जाणकार माणूस चवीत मूळ गाव शोधत बसत नाही, काय चुकलं ते शोधतो. ‘कशासारखं’ हा प्रश्न जाणकाराचा नाही, गिऱ्हाइकाचा आहे.

चिकूकडे मी मुद्दाम आलो. चिकूही तंबाखूसारखाच तिकडचा, दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. त्याच्या चिकापासून तिकडे ‘चिकल’ काढत आणि त्याचं च्युइंग गम बनत असे, म्हणून त्याचं नाव आपल्याकडे चिकू. घोलवडला त्याची बागायत एकोणिसावं शतक संपताना रुजू लागली, ती पारशी-इराणी वाडीवाल्यांच्या हातून. आपण चिकूचं कलम बांधतो ते खिरणीच्या खुंटावर. वर परदेशी डोळा, खाली इथलं मूळ. किनाऱ्याच्या विहिरींचं मचूळ पाणी तो सोसतो. तंबाखूने ते सोसलं नसतं. पानात क्लोराइड वाढलं की पान नीट जळत नाही, विझत राहतं. म्हणजे डहाणूच्या किनाऱ्यावर हवाना पिकवायचं स्वप्न कुणी पाहिलं असतं तरी ते विझलंच असतं.

२०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या जमिनीतल्या कॅल्शियममुळे त्याला वेगळी गोडी आहे, असं त्यामागे म्हटलं आहे. माझ्या ओसरीवरच्या खोडीनंतर मी या गोडीची शपथ घेणार नाही, पण मानांकनाच्या बाजूने मात्र उभा राहीन. कारण चिकू इथे येऊन सव्वाशे वर्षं होत आली आणि एकाही बागायतदाराने ‘अगदी मेक्सिकोसारखा’ म्हणून तो विकला नाही. त्याने त्याला आपल्या गावाचं नाव दिलं. एस्तेलीच्या शेतकऱ्याला हे करता आलं असतं. काही प्रमाणात आता होतंही आहे. निकाराग्वाची सिगार निकाराग्वाची म्हणून मागणारे लोक आहेत. पण पहिली कित्येक दशकं तिथलं पान ‘क्यूबन बियाचं’ या एकाच ओळखीवर विकलं गेलं. त्या पानाची स्वतःची, काहीशी मिरीसारखी तिखट चव त्या काळात उणीव म्हणून मोजली गेली. सारखेपणाच्या दाव्यातला खरा तोटा हा आहे. त्यात जे जुळतं तेवढंच मोजलं जातं आणि जे जास्तीचं आहे ते वजा होतं.

कायद्यानेही या ‘सारखा’ शब्दाला अडकवायचा प्रयत्न केला आहे, पण अर्धवट. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातलं तेविसावं कलम सांगतं की वाइन आणि मद्य यांच्या बाबतीत खरं गाव लिहून पुढे ‘च्या धर्तीचं’, ‘प्रकारचं’, ‘शैलीचं’ अशी जोड देऊनही दुसऱ्या गावाचं नाव वापरू नये. शँपेनला हे संरक्षण आहे. सिगारला नाही, चिकूलाही नाही. तिथे गिऱ्हाइकाची फसवणूक होते हे सिद्ध करावं लागतं. हे संरक्षण इतर मालालाही द्यावं अशी मागणी करणाऱ्या देशांत भारत होता आणि क्यूबाही. आमचा चिकूवाला आणि वुएल्ता आबाखोचा तंबाखूवाला जिनिव्हात एका बाकावर बसले होते, हे दोघांनाही ठाऊक नसेल. नावाचं भांडण किती चिवट असतं ते ‘कोहिबा’वरून दिसतं. क्यूबाने १९६६पासून बनवलेली ही सिगार. अमेरिकेत तेच नाव दुसऱ्याच कंपनीने नोंदवलं, वाद १९९७ साली सुरू झाला आणि तिथल्या ट्रेडमार्क मंडळाने ती नोंदणी रद्द करायचा निर्णय दिला तो २०२२च्या डिसेंबरात.

आता आपट्याचं. दसऱ्याला आपण आपट्याचं पान सोनं म्हणून देतो. देणारा आणि घेणारा दोघांनाही ते पान आहे हे माहीत असतं. कुणी म्हणत नाही, ‘बघा, अगदी सोन्यासारखं!’ म्हणूनच ते खोटं नसतं. खोटं कुठे सुरू होतं, तर बाजारात कांचनाची पानं आपटा म्हणून विकली जातात तिथे. तलासरीकडच्या पाड्यांवर हेच आपट्याचं पान बिडीला वापरत आले आहेत. तेंदूच्या पानाने बाजार व्यापला तरी जंगलाकाठच्या म्हाताऱ्यांकडे ते राहिलं. वडील आठवडी बाजारातून सुटा तंबाखू आणत आणि पानं एक वारली आजोबा आणून देत. मी त्या आजोबांना एकदा पोरवयात विचारलं होतं की तेंदूची बिडी जास्त चांगली का. ते म्हणाले, “ती तेंदूची, ही आपट्याची.” मला तेव्हा ते उत्तर वाटलंच नव्हतं.

‘गरिबांची हवाना’ लिहिताना ते वाक्य माझ्याजवळ होतं आणि मी ते वापरलं नाही. चर्चिल आणि होम्स वापरले.

शेठ. त्यांचं ‘जेवीज छे’ मी इतकी वर्षं चवीचा निवाडा म्हणून ऐकत होतो. तो निवाडा नसावा. हवानाची पेटी संपल्यावर पहिल्याच संध्याकाळी ते म्हणत, नंतर नाही. पुढचे महिनोन्महिने तेच चिरूट ते काही न बोलता ओढत. ज्याला एखादी गोष्ट खरोखर तशीच लागते, तो तसं कशाला म्हणेल? आणि ते म्हणत कुणाला, तर ज्याने दोन्हींपैकी काहीच चाखलं नव्हतं अशा माणसाला. वडील मान डोलवत ती सिगारच्या चवीला नव्हे. मालकाचं मन राखायला मेहताजी एवढंच करू शकत होते.

शेठ वारल्यावर वडिलांना त्यांच्या खोलीतली एक रिकामी लाकडी पेटी मिळाली. तीत वडिलांनी वाडीच्या पावत्या ठेवल्या, नंतर मी माझी कात्रणं. हवानाच्या पेट्या ज्या लाकडाच्या करतात त्याला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. ते देवदार नव्हे, कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे. माझी पेटी त्याच लाकडाची, हवानाहून आलेली, असं मी त्या जुन्या लेखाच्या शेवटी मोठ्या थाटात लिहिलं होतं. यंदा तिची बिजागरी सुटली म्हणून डहाणूच्या एका सुताराकडे नेली. त्याने झाकण नाकाशी धरलं, नखाने खरवडलं आणि म्हणाला, “हे तून आहे, काका. आपल्याकडचंच.” तून त्याच कुळातला, वनस्पतिशास्त्रज्ञ एकेकाळी त्याला स्पॅनिश सीडरच्याच प्रजातीत, ‘सेड्रेला’त, मोजत आणि पुढे वेगळं काढलं. आपल्या देशात सिगारच्या पेट्या तुनाच्याच करत आले. म्हणजे पेटी बहुधा त्रिचीच्या चिरुटांची.

बिजागरीचे सुताराने चाळीस रुपये घेतले. पेटीला अजून वास येतो. कात्रणं परत आत ठेवली, आणि तो लेखही.